नववीची मुलं, गोवा युनिव्हर्सिटी आणि इतिहासाचा एक दिवस

प्रश्न गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका टीचरचा आहे. नववीची ४२ मुलं, एक दिवस गोवा युनिव्हर्सिटीत इतिहासासाठी न्यायची आहेत, पण हेडसर म्हणतात तिथं बघण्यासारखं आहे काय, म्युझियम तर नाही, त्यापेक्षा ओल्ड गोवा करा आणि येताना मिरामारच्या किनाऱ्यावर थांबा. मुलं कंटाळतील का, आणि नेलं तर दिवसभर करायचं काय, असं त्यांनी विचारलंय.

टीचर, न्या. नक्की न्या. मी डिचोली तालुक्यात २३ वर्षं इतिहास शिकवते, ताळगावच्या पठारावर, म्हणजे युनिव्हर्सिटीत, बऱ्याच बॅचेस नेल्यात, त्यातल्या काही फसल्या आणि काही अशा झाल्या की ती मुलं आता नोकरीला लागली तरी भेटल्यावर तोच दिवस काढतात. हेडसरांचं एका अर्थी बरोबर आहे, युनिव्हर्सिटीत बघण्यासारखं फारसं नाहीच. तिथं बघायला नाही, करायला न्यायचं असतं.

माझी पहिली ट्रिप सांगते म्हणजे कळेल. ६० मुलं, दोन गाड्या, एका संस्थेत आम्हाला एसी हॉलमध्ये बसवलं आणि दीड तास स्क्रीनवर भोज, शिलाहार, कदंब, विजयनगर, आदिलशाही, पोर्तुगीज असा सगळा गोव्याचा इतिहास इंग्रजीतून दाखवला. बोलणारे सर विद्वान होते, मनापासून बोलत होते, पण मुलं घाटातून नाही तरी दोन तास गाडीतून आलेली, पुढच्या रांगेतली डुलक्या घेत होती आणि मागची मोबाईलवर. शेवटी 'एनी क्वेश्चन्स' म्हटल्यावर एका मुलानं विचारलं की जेवण किती वाजता. मला त्या मुलाचा राग नाही आला, वाईट वाटलं ते याचं की पुस्तकात जे आहे तेच पुन्हा ऐकवायला मी त्यांना इतक्या लांब नेलं. तेव्हापासून एक ठरवलं, मुलांच्या हातात एक कागद आणि डोक्यात एक प्रश्न असल्याशिवाय गाडीत चढायचं नाही.

कारण शाळेचं पुस्तक काय सांगतं? अमुक साली अमुक झालं. हे कुणाला कसं कळलं, कोणी लिहून ठेवलं, तो खोटं तर लिहीत नव्हता ना, हे पुस्तक सांगत नाही, जागाच नसते त्यात. युनिव्हर्सिटीत जी माणसं बसलीत त्यांचं कामच ते आहे. मुलांना ते काम दिसलं पाहिजे, थोडं हातानं करता आलं पाहिजे.

तुमची शाळा सत्तरीत आहे म्हणून तुमच्यासाठी तर गोष्ट फारच जवळची आहे. पांडुरंग पिसुर्लेकर हे नाव मुलांना माहीत आहे का विचारा. १८९४ साली पिसुर्ले गावात जन्म, म्हणजे तुमच्या होंड्याच्या पलीकडे, खाणींचे ट्रक जातात तिथं. या माणसानं पणजीच्या पुराभिलेखागाराचा, म्हणजे जुने सरकारी कागद जपायच्या जागेचा, कारभार कित्येक वर्षं सांभाळला, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांवर काम करायचं तर आजही त्यांच्या वाटेनं जावं लागतं, आणि त्यांचा पुस्तकांचा संग्रह गोवा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पिसुर्लेकर कलेक्शन म्हणून वेगळा ठेवलाय. दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग. माझ्या वर्गात पिसुर्ल्याची एक मुलगी होती, त्या कपाटांसमोर उभी राहून तिनं फक्त विचारलं, 'आमच्याच गावचे?' आणि मग परत गाडीत बसेपर्यंत ती सगळ्यांना तेच सांगत होती. लायब्ररीला आधी पत्रात स्पष्ट लिहा की आम्हाला हा संग्रह बघायचाय, दहा-बाराच्या गटानं येऊ, पिशव्या बाहेर ठेवू.

पिसुर्लेकरांवरून अभिलेखागाराची गोष्टही सांगून टाका, मुलांना आवडते. गोव्याच्या या दफ्तराची सुरुवात १५९५ सालची, दियोगो दो कौतो नावाचा इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार. त्यात 'मॉन्सून बुक्स' म्हणून बाडं आहेत. पावसाचं पुस्तक म्हणजे काय असेल असं मी विचारते तेव्हा कुणी म्हणतं किती पाऊस पडला त्याची नोंद, कुणी म्हणतं शेतीचं. खरं म्हणजे तो लिस्बन आणि गोव्यामधला पत्रव्यवहार. शिडाची जहाजं मोसमी वाऱ्यावर चालायची, त्यामुळे पत्रंही वाऱ्याच्या वेळापत्रकानं यायची-जायची, म्हणून ते नाव. इथं एक प्रश्न नक्की विचारा, गोव्यात काही गडबड झाली आणि व्हिसेरेईनं, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या इथल्या प्रतिनिधीनं, राजाला कळवलं तर उत्तर कधी येणार? मुलं बोटांवर महिने मोजायला लागतात आणि दीड वर्षाच्या पुढे गेली की थांबतात. मग तोपर्यंत निर्णय कोण घेणार? इथून गोव्यातल्या कारभाराचं अर्धं गणित त्यांचं त्यांनाच सुटतं, आपण काही सांगावं लागत नाही.

आता कागद. मूळ कागद मुलांच्या हातात देणार नाहीत आणि देऊही नयेत, पण चांगली रंगीत प्रिंट मिळते, ती आधी मागून ठेवा. मी मोडीचं एक पान घेते. गोव्यातली जुनी मराठी कागदपत्रं मोडीत भरपूर आहेत, आणि आपल्या मुलांना हे कळणं की ही भाषा मराठीच आहे पण मला अक्षर वाचता येत नाही, हा एक धक्काच असतो. चार-चार मुलांना एक पान द्यायचं, वाचायचं नाही, फक्त बघायचं, दहा मिनिटं. काय काय दिसतं ते लिहा म्हणायचं. सुरुवातीला सगळे म्हणतात काहीच कळत नाही. मग कुणाला वरचा 'श्री' सापडतो. कुणाच्या लक्षात येतं की डोक्यावरची रेघ आधी पानभर ओढून घेतलीय आणि अक्षरं नंतर तिला टांगलीत. एकदा तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, परीक्षेत कधी ३५ च्या वर न गेलेला, बोट ठेवून म्हणाला, 'टीचर, हांगा शाय सोंपली आनी हांगा परत बुडयली.' बघितलं तर खरंच, शब्द काळेभोर सुरू होतात, हळूहळू फिके होत जातात आणि मग एकदम पुन्हा काळे. बोरू दौतीत बुडवल्याच्या जागा. मग सगळा वर्ग एका बुडवणीत किती शब्द होतात ते मोजायला लागला. तिथल्या प्राध्यापक मॅडम त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या की शाई अचानक बदलली असेल तर कुणीतरी नंतर मजकूर घातलाय का हे आम्ही असंच तपासतो. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. तो पुढे इतिहास शिकला नाही, आयटीआयला गेला, पण त्या दिवशी त्यानं जे केलं ते इतिहासकाराचंच काम होतं आणि ते त्याला कुणीतरी तोंडावर सांगितलं.

दुसरा खेळ नावांचा. याला युनिव्हर्सिटी लागत नाही, जायच्या आधीच्या आठवड्यात वर्गात करा. आपल्या गावांच्या बोर्डांवर इंग्रजीत जे लिहिलेलं असतं ते मुलं रोज बघतात, डिचोली (Bicholim), सांखळी (Sanquelim), पिसुर्ले (Pissurlem) या सगळ्यांच्या शेवटी एम का आहे? आपण तर म् म्हणत नाही. तो पोर्तुगीजांनी नाकातल्या उच्चारासाठी लावलेला. सांखळीत क्यू कुठून आला? त्यांच्याकडे इ-ए च्या आधी क लिहायचा तर क्यू-यू लावतात. आता आजोबांच्या जन्मदाखल्यावर नाईक कसं लिहिलंय बघा, शेवटी क्यू-यू-ई असतं. शंकर एक्सनं सुरू होतो, कारण पोर्तुगीजमध्ये एक्स म्हणजे श. प्रभूचा पोरोबो होतो, कामतचा कामोतीम. मुलं घरी जाऊन विचारतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कल्ला असतो. मग युनिव्हर्सिटीत पोर्तुगीज कागदाची प्रिंट समोर आली की भाषा येत नसूनही नावं वाचता येतात, गावं वाचता येतात, आणि चाळीसपैकी दहा तरी मुलं ओरडतात की हा आमच्या वाड्यावरचा असणार.

इथं मात्र एक सावधगिरी, माझ्या अनुभवातून. घरून जुने कागद आणा असं मोघम सांगू नका. पहिल्यांदा मी सांगितलं आणि एका मुलीनं घराच्या जागेचे मूळ कागद दप्तरात घालून आणले, वडील संध्याकाळी घाबरेघुबरे शाळेत आले. आपल्याकडे कूळ-मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत कसणारे-राहणारे), भाटकार (जमीनमालक), जमिनीची वाटणी हे विषय घराघरांत जिवंत आहेत, कोर्टात केसेस चालू आहेत, आणि शाळेनं कागद मागवले म्हटल्यावर माणसं संशय घेणारच. म्हणून जमिनीचं काही नको. लग्नपत्रिका, जुनी शाळेची सर्टिफिकेटं, फोटो, पत्रं, रेशनकार्ड, पोर्तुगीज काळातली एस्कुदोची नोट असेल तर, आणि तेही मोबाईलवर फोटो काढून, मूळ वस्तू घरीच. आणि पालकांना एक गोष्ट कळवा, जुना कागद लॅमिनेट करू नका, प्लास्टिक उष्णतेनं चिकटतं ते परत निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. कितीतरी घरांतले दाखले लोकांनी प्रेमानं लॅमिनेट करून घालवलेत, बघून जीव तुटतो.

तिसरी गोष्ट नाण्यांची, आणि ही माझी सगळ्यात आवडती. इतिहास विभाग आता ज्या स्कूलमध्ये येतो त्याला डी. डी. कोसंबींचं नाव आहे. हे आपल्या कोसंब्यांपैकी, जन्म १९०७, गोव्यातलाच, मुळात गणिताचा माणूस. त्यांनी प्राचीन आहत नाणी, म्हणजे ठसे मारून केलेली, एकेक करून तराजूत तोलली, हजारोंनी. विचार साधा होता, नाणं हातातून हातात फिरलं की झिजतं, जास्त फिरलेलं जास्त हलकं, म्हणजे एकाच साठ्यातल्या नाण्यांच्या वजनावरून त्यांचा आधी-नंतरचा क्रम लावता येईल. राजाचं नाव नसलेल्या नाण्याला त्यांनी बोलतं केलं. हे मुलांना नुसतं सांगू नका, शाळेच्या लॅबमधला डिजिटल तराजू घ्या आणि प्रत्येकाला घरून रुपयाची पाच-सहा नाणी आणायला सांगा, साल वाचा, वजन लिहा.

आमच्याकडे झालं असं की फळ्यावर आकडे मांडले तर नाण्यांचे सरळ दोन ढीग पडले, एक ४.८ ग्रॅमच्या आसपास आणि एक ३.८ च्या आसपास, मधे काहीच नाही. मुलं खूश, हलकी ती झिजलेली! मी गप्प राहिले. मग एका मुलीनं साल बघितलं, हलकी नाणी तर नवी होती, २०११ नंतरची, जड ती जुनी. म्हणजे उलटंच. थोडा वेळ वर्गात शांतता. मग तीच म्हणाली, झिजली नाहीत टीचर, सरकारनंच लहान केलीत. आणि दोन्ही शेजारी ठेवली तर खरंच आकार लहान. आकडा बरोबर होता पण आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारला, कोसंबी एकाच प्रकारच्या नाण्यांची तुलना का करत होते ते तेव्हा मुलांना कळलं. युनिव्हर्सिटीत गेल्यावर त्या मुलीनं हे तिथल्या सरांना सांगितलं आणि त्यांनी पीएचडीच्या मुलांना बोलावून तिला पुन्हा सांगायला लावलं.

जाताना कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, बस मिळाली तर तीच घ्या. बसवरचा सिंह मुलांनी लहानपणापासून बघितलाय, पण तो कुणाचा? गोव्याच्या कदंब राजांचा. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर हाच सिंह आहे आणि त्याबरोबर सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादानं राज्य लाभलं अशा अर्थाचे शब्द. आणि सप्तकोटेश्वर म्हणजे आपल्या नार्व्याचा, मूळ दिवाडी बेटावरचा, देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे आणलेलं, १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. बस, नाणं, देऊळ, सगळं एका दोऱ्यात. नाण्याच्या फोटोची प्रिंट गाडीत वाटा आणि खिडकीतून समोरून येणाऱ्या बसवरच्या सिंहाशी ताडून बघायला सांगा, रस्ता कुठे संपतो कळत नाही.

आता जरा नाजूक विषय. मुलं इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाबद्दल, विचारणार, देवळं कुणी पाडली विचारणार, आणि वर्गात दोन-तीन कॅथलिक मुलं असतील तर त्यांच्याकडे नजरा वळणार. हे गाडीत चढायच्या आधीच वर्गात बोला. इन्क्विझिशन १५६० ला आलं, १८१२ ला कायमचं बंद झालं, ते घडलं आणि त्यात माणसं होरपळली, हे लपवायचं नाही. पण हेही सांगायचं की त्याचा मोठा रोख नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांवर होता, म्हणजे तुमच्या शेजारी बसलेल्या मित्राच्या पूर्वजांवरच. एवढं एक वाक्य मुलांना फार पुढे नेतं. मी हे न बोलता एकदा गेले होते आणि येताना गाडीत एक मुलगा पूर्ण रस्ताभर एकटा बसून आला, ते मला परत कधीच होऊ द्यायचं नाहीय.

तुमच्या मुलांसाठी प्रश्न हवा असेल तर सत्तरीच्या राणे घराण्याचा घ्या. १८५२ साली दीपाजी राणेंनी नाणूसचा किल्ला घेतला, तुमच्या वाळपईच्या शेजारचा. १८९५ साली पोर्तुगीज सैन्यातल्या मराठा शिपायांनी आफ्रिकेत, मोझांबिकला जायला नकार दिला आणि मग दादा राणे त्यात उतरले. याला बंड म्हणायचं, उठाव म्हणायचं की स्वातंत्र्यलढा? पोर्तुगीज अधिकारी आपल्या रिपोर्टात कोणता शब्द वापरेल, सत्तरीतला शेतकरी कोणता वापरेल आणि आपण आज कोणता वापरतो? मुलांना आधी घरी आजी-आजोबांना विचारू द्या, दीपाजींबद्दल काय ऐकलंय, मग ती उत्तरं घेऊन युनिव्हर्सिटीत जा आणि तिथल्या अभ्यासकांना विचारा की कागदात यातलं काय सापडतं. आजीची गोष्ट आणि कागद जुळले नाहीत तर फारच उत्तम, तिथूनच खरी चर्चा सुरू होते.

बाकी व्यवस्थेचं पटकन सांगते. पत्र निदान महिनाभर आधी द्या, विभागप्रमुख आणि लायब्ररी दोघांना वेगवेगळं, शाळेच्या लेटरहेडवर, आणि त्यात 'भेट द्यायची आहे' एवढंच नको, मुलं काय करून येणार आहेत, त्यांचे प्रश्न कोणते, हे लिहा. प्रश्न वाचले की समोरची माणसं तयारीनं येतात, हा माझा दर वेळचा अनुभव. नोव्हेंबर आणि एप्रिल टाळा, परीक्षा असतात. चवथीनंतरचे, म्हणजे गणेश चतुर्थीनंतरचे, दिवस किंवा जानेवारी चांगला, पठारावर हवा छान असते. भाषेचं आधी बोलून घ्या, आपली मुलं प्राथमिकला मराठीतून शिकून पाचवीपासून इंग्रजीत आलेली, प्रश्न त्यांना कोकणी-मराठीतच सुचतात, तर कोकणीत बोला म्हणून विनंती करायला लाजू नका, तिथली बहुतेक माणसं आनंदानं बोलतात. ४२ मुलांचे तीन गट करा, एक लायब्ररीत, एक कागदांवर, एक बाहेर. बाहेरचा गट म्हणजे टाईमपास नाही, पायाखालचा जांभा दगड दाखवा, ओल्ड गोव्याच्या भिंती याच दगडाच्या, आणि झुआरीच्या दिशेला उभं करून सांगा की याच नदीकाठी वरच्या अंगाला कदंबांचं गोपकपट्टण बंदर होतं. पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांशी अर्धा तास गप्पा ठेवा, प्राध्यापकांपेक्षा मुलं त्यांच्याशी मोकळी बोलतात, पगार किती मिळतो हेही विचारतात आणि विचारू द्या, इतिहास शिकून काय करता येतं हे कुणीतरी त्यांना सरळ सांगायलाच हवं. जेवण डब्याचं, सकाळी वाटेत भाजी-पाव.

ओल्ड गोवा त्याच दिवशी नको. हेडसरांना सांगा की ते वेगळ्या दिवशी करू, तिथलं म्युझियम शुक्रवारी बंद असतं तेवढं बघून तारीख ठरवा. एका दिवसात युनिव्हर्सिटी, चर्च आणि समुद्र केलं तर घरी गेल्यावर मुलाला फक्त समुद्र आठवतो.

आणि हेडसरांना माझ्या उत्तरापेक्षा एक पान दाखवा. उद्याच वर्गात एक तास काढून मुलांना विचारा, सत्तरीच्या इतिहासातलं तुम्हाला काय माहीत नाही ते लिहा. नाव घालायचं नाही, प्रत्येकानं एकच प्रश्न. ४२ चिठ्ठ्या येतील, त्यातल्या निम्म्या तरी अशा असतील की तुम्हालाही उत्तर येणार नाही, मला तर दर वर्षी येत नाही. त्यातले चांगले दहा प्रश्न एका कागदावर उतरवा, तोच कागद हेडसरांसमोर ठेवा आणि तोच पत्राला जोडा.